होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि मिठावरची ‘मॉर्मन मीटिअर’

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात असलेल्या ड्यूसेनबर्ग कारखान्यात १९३५ साली ‘एसजे’ या एकाच वाणाच्या दोन गाड्या आकाराला येत होत्या, आणि त्या दोघींचे पुढील आयुष्य इतके भिन्न ठरले की त्या एका घरच्या आहेत हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येऊ नये. एकीचा सांगाडा समुद्रमार्गे लंडनला गेला, तेथे तिच्यावर काळ्या आणि केशरी रंगाची दोन आसनांची काया चढली आणि ती इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची खासगी गाडी झाली. दुसरी कारखान्यातच शर्यतीच्या घडणीची होऊन युटा राज्यातील बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर धावली आणि तिने चोवीस तासांच्या अखंड धावेचा जागतिक विक्रम केला. दुर्मीळ गाड्यांच्या अभ्यासात एकाच गाडीच्या रस्त्यावरच्या आणि शर्यतीच्या रूपांची तुलना हा नेहमीचा विषय असतो, आणि त्यात शर्यतीची गाडी आधी जन्मते व तिला थोडे शांत करून रस्त्यावर आणतात, असे बहुधा गृहीत धरलेले असते. ड्यूसेनबर्गच्या बाबतीत क्रम उलटा होता. तेथे रस्त्याची गाडी आधी होती आणि शर्यतीची गाडी तिच्यातून घडली. मात्र ती रस्त्याची गाडी घडवणारे हात मुळात शर्यतीत तयार झालेले होते.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे बंधू लहानपणी, १८८५ साली, जर्मनीतून अमेरिकेतील आयोवा राज्यात आले आणि सायकलींच्या व्यवसायातून मोटारींकडे वळले. त्यांनी बांधलेल्या गाडीने १९२१ साली फ्रान्समधील ल मान्स येथे झालेली ग्रां प्री, म्हणजे त्या काळची सर्वांत प्रतिष्ठेची युरोपीय शर्यत, जिंकली. जिमी मर्फी हा अमेरिकी चालक आणि अमेरिकी गाडी अशा जोडीला युरोपात मिळालेले हे पहिलेच मोठे यश होते. पुढे इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत ड्यूसेनबर्ग गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ या वर्षी जिंकली. या शर्यतींतून आलेल्या दोन गोष्टी पुढच्या कथेसाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे द्रवदाबावर चालणारे चारही चाकांचे ब्रेक, ज्यांत पायाचा दाब तारा किंवा दांड्यांऐवजी नळीतील द्रवामार्फत चारही चाकांना सारखा पोचतो. ते या बंधूंनी १९२१ मध्येच विक्रीच्या गाडीला बसवले, ज्या वेळी बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असत. दुसरी म्हणजे सुपरचार्जर, म्हणजे सिलिंडरांत जादा हवा दाबून भरणारे यंत्र, ज्याचा उपयोग त्यांनी १९२४ च्या विजयी गाडीत केला होता.

व्यापारात मात्र या बंधूंना यश नव्हते. १९२६ साली एरेट लोबन कॉर्ड या उद्योजकाने त्यांची कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला एकच काम सांगितले: जगातील सर्वोत्तम गाडी बनवायची. त्याचे फळ म्हणून १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ उभी राहिली. तिच्या इंजिनात आठ सिलिंडर एका ओळीत होते आणि त्यांचे एकूण घनफळ सुमारे ६.९ लिटर होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण आत घेणाऱ्या आणि जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा होत्या, आणि त्या उघडण्या-मिटण्यासाठी इंजिनाच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेले फिरते दांडे होते. ही रचना तोवर शर्यतीच्या इंजिनांतच दिसे. कारखान्याच्या दाव्यानुसार हे इंजिन २६५ अश्वशक्ती देत असे, तर १९३० साली आलेल्या कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनाची जाहीर शक्ती १६५ होती आणि फोर्डच्या ‘मॉडेल ए’ची अवघी ४०. एवढ्या लांब इंजिनाचा मुख्य दांडा फिरताना पिळवटतो आणि थरथरतो. ती थरथर जिरवण्यासाठी त्या दांड्यावर पारा भरलेल्या नळकांड्या बसवल्या होत्या. चालकापुढच्या फलकावर ताशी १५० मैलांपर्यंतचा वेगमापक, सेकंद मोजणारे घड्याळ, उंचीमापक आणि ब्रेकचा दाब दाखवणारा काटा असे. सांगाड्याच्या सांध्यांना ठरावीक मैलांनंतर आपोआप वंगण मिळे आणि इंजिनातील तेल बदलण्याची वेळ झाली की दिवा लागे.

या सगळ्याची किंमत फक्त सांगाड्यासाठी ८,५०० डॉलर होती, आणि त्याच वर्षी फोर्डची संपूर्ण गाडी सुमारे ५०० डॉलरला मिळत असे. येथे ‘सांगाडा’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढची सारी तुलना त्यावर उभी आहे. त्या काळी उंची गाड्यांचा कारखाना चौकट, इंजिन, गिअर, आस, चाके आणि बहुधा पुढचा रेडिएटर व बॉनेट एवढेच विकत असे, आणि त्यावरची काया ग्राहक स्वतःच्या पसंतीच्या कारागिराकडून, म्हणजे पूर्वी बग्ग्या बांधणाऱ्या पेढ्यांच्या वारसदारांकडून, करून घेई. म्हणून एकाच वाणाच्या दोन गाड्या दिसायला कधीच सारख्या नसत, आणि ‘रस्त्याची’ व ‘शर्यतीची’ ही विभागणी कारखान्याच्या दारात नव्हे, तर त्याच्यानंतर होत असे.

१९३२ च्या मे महिन्यात ‘एसजे’ आली. तिच्यातील सुपरचार्जर हा एक पंखा असतो. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून गती घेऊन तो त्याच्या पाचसहापट वेगाने फिरतो आणि सिलिंडरांत नैसर्गिकपणे शिरणाऱ्या हवेपेक्षा अधिक हवा दाबून भरतो, त्यामुळे तेवढ्याच घनफळात अधिक इंधन जळते. शक्ती ३२० अश्वशक्तीवर गेली आणि दोन टनांहून जड गाडी ताशी १२५ मैलांच्या पलीकडे जाऊ लागली. वाढलेला ताण सोसावा म्हणून आतील अ‍ॅल्युमिनियमच्या जोडदांड्यांऐवजी पोलादी नळीचे दांडे वापरले गेले. बॉनेटच्या कुशीतून बाहेर येणाऱ्या चकाकत्या लवचीक धूरनळ्या ही एसजेची ओळख झाली, जरी पुढे साध्या ‘जे’च्या मालकांनीही हौसेखातर त्या बसवून घेतल्या. फ्रेड ड्यूसेनबर्गला आपल्या या कृतीचे यश पाहता आले नाही; २ जुलै १९३२ रोजी पेनसिल्व्हेनियात एसजे चालवताना त्याला अपघात झाला, दुखापतींतून न्यूमोनिया झाला आणि २६ जुलैला तो मरण पावला. मॉडेल जेच्या सर्व मिळून पाचशेहूनही कमी गाड्या बनल्या आणि त्यांपैकी कारखान्यातून सुपरचार्जरसह निघालेल्या सुमारे ३६.

या ३६ पैकी एक इंदूरच्या वाट्याला यावी यात त्या संस्थानाच्या इतिहासाचा मोठा वाटा आहे. यशवंतरावांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांना १९२५ च्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागली, तेव्हा १९०८ साली जन्मलेले यशवंतराव अजून शिकत होते. ऑक्सफर्डमधील शिक्षण आणि युरोपचा सहवास यांनी त्यांची दृष्टी घडवली आणि १९३० मध्ये त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. कागलच्या घाटगे घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी संयोगितादेवी याही त्याच रसिकतेच्या होत्या. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी इंदूरला बांधून घेतलेला माणिकबाग राजवाडा त्या काळच्या आशियात दुर्मीळ असा आधुनिक वास्तूचा नमुना होता, आणि त्यात रूलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए या युरोपातील नामवंत रचनाकारांनी घडवलेले सामान होते. मान रे या छायाचित्रकाराने या दांपत्याची छायाचित्रे घेतली. शिल्पकार ब्रांकुशीकडून महाराजांनी ‘बर्ड इन स्पेस’ या शिल्पाच्या तीन आवृत्त्या घेतल्या. महाराजांच्या हौसेवर उधळपट्टीचा शिक्का मारणे सोपे आहे आणि प्रजेच्या दृष्टीने पाहता तो सर्वस्वी खोटाही नाही. पण यशवंतरावांची खरेदी आंधळी नव्हती. त्यांनी आपल्या काळातील सर्वांत पुढची वस्तू निवडली, आणि ड्यूसेनबर्ग ही त्याच मालिकेतली निवड होती.

महाराजांच्या गाडीचा सांगाडा लांब वाणाचा होता. पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर १५३.५ इंच, म्हणजे जवळजवळ ३.९ मीटर, जे एरवी सात माणसांच्या बंद गाडीसाठी वापरत. त्यावर लंडनच्या चेल्सी भागातील गर्नी नटिंग या पेढीने, जिचा मुख्य रचनाकार ए. एफ. मॅकनील होता, केवळ दोन माणसांची उघडी ‘स्पीडस्टर’ काया चढवली. लांबलचक बॉनेट, थेंबासारखे मागे निमुळते होत जाणारे मडगार्ड आणि टोकाला अणकुचीदार होणारी शेपटी अशी तिची ठेवण आहे. सात जणांच्या जागेत दोघांना बसवण्यात उपयुक्ततेचा लवलेशही नव्हता. लांबी ही येथे रेषेसाठी खर्च केली होती, आणि हा निर्णय चित्रकाराचा होता, अभियंत्याचा नव्हे.

संस्थानिकांच्या मोटारींविषयी सरसकट बोलले जाते, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. हैदराबाद संस्थानाच्या सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान याने, रोल्स-रॉइसची पिवळी गाडी मागवली होती. ती १९१२ साली बनली, पण निजाम १९११ मध्येच वारला होता. तिच्या मागच्या भागात सिंहासनासारखे उंच आसन आहे, आणि समारंभापलीकडे ती फारशी धावलीच नाही. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. ती गाडी मिरवणुकीच्या हत्तीची जागा घेणारी होती, तिच्यात राजा मागे बसे आणि लोकांनी त्याला पाहावे हा हेतू असे. होळकरांच्या स्पीडस्टरमध्ये मागे बसण्याजोगी राजेशाही जागाच नाही, कारण ती मालकाने स्वतः सुकाणू धरावे म्हणून बांधली आहे. दोन संस्थानांतील राजेपणाच्या कल्पनेतला फरक या दोन गाड्यांत जितका स्वच्छ दिसतो तितका दरबारी कागदांतही क्वचित दिसेल.

आता दुसरी बहीण. युटा राज्याच्या पश्चिमेस बॉनविल नावाचे प्राचीन सरोवराच्या तळाशी उरलेले मिठाचे पठार आहे. हिवाळ्यात त्यावर पाणी साचते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते वाळून इतके सपाट व कठीण होते की मैलोगणती वळण न घेता गाडी सोडता येते. हे मैदान जगासमोर आणणारा माणूस सॉल्ट लेक सिटीचा डेव्हिड अ‍ॅबट जेन्किन्स, ज्याला सगळे ‘अ‍ॅब’ म्हणत. तो मूळचा बांधकामाचा ठेकेदार, मॉर्मन या युटात वसलेल्या ख्रिस्ती पंथाचा निष्ठावान अनुयायी, दारू-तंबाखूला न शिवणारा. पिअर्स-अ‍ॅरो गाडी घेऊन त्याने या मैदानावर चोवीस तास एकट्याने गाडी चालवण्याचे विक्रम केले होते, आणि १९३३ च्या धावेत शेवटच्या फेऱ्यांत त्याने चालत्या गाडीतच दाढी केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९३५ च्या जुलैत इंग्रज चालक जॉन कॉब याने २४ लिटरच्या विमानी इंजिनाची नेपिअर-रेल्टन गाडी बॉनविलला आणून चोवीस तासांची सरासरी ताशी १३४.८५ मैलांवर नेली. जेन्किन्सने तो विक्रम मोडण्यासाठी ड्यूसेनबर्ग निवडली, म्हणजे कॉबच्या इंजिनाच्या एक तृतीयांशाहूनही लहान इंजिन, आणि तेही रस्त्यावरच्या गाडीचे.

फ्रेडच्या मागे कंपनीत उरलेल्या ऑगस्टने, ज्याला ‘ऑगी’ म्हणत, इंजिनाची जबाबदारी घेतली आणि हर्बर्ट न्यूपोर्टने काया रेखली. सुपरचार्जरमधून आलेली हवा सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांना मेंढ्याच्या शिंगांसारखा दुहेरी वळसा देऊन दोन कार्ब्युरेटर बसवले, झडपा अधिक वेळ उघड्या राहतील असे कॅमशाफ्ट घातले, आणि शक्ती ४०० अश्वशक्तीपर्यंत गेली. ३१ ऑगस्ट १९३५ रोजी जेन्किन्सने, टोनी गुलोटा या चालकाला मदतीला घेऊन, दहा मैलांच्या वर्तुळावर चोवीस तास पुरे केले तेव्हा सरासरी ताशी १३५.४७ मैल, म्हणजे सुमारे २१८ किलोमीटर होती. एका तासाची सर्वोत्तम सरासरी १५२ मैलांच्या वर होती. कॉबवर मात मैलाच्या थोड्याशा अंशाने झाली, पण इंजिनांच्या आकारातील तफावत पाहता तो अंश मोठा आहे. सॉल्ट लेक सिटीच्या डेझरेट न्यूज या वृत्तपत्राने वाचकांकडून नाव मागवले आणि गाडी ‘मॉर्मन मीटिअर’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर आतून त्या किती जवळच्या आहेत हे आधी ध्यानात येते. इंजिनाची मूळ घडण, चार-चार झडपा, सुपरचार्जर, द्रवदाबाचे ब्रेक ही सामग्री दोघींची एकच आहे. मीटिअरसाठी वेगळे इंजिन जन्माला घालावे लागले नाही, यातच मॉडेल जेच्या रचनेत राखून ठेवलेली ताकद दिसते. फरक हेतूतून आला. शंकरपटाच्या छकड्यातून ओझ्याची जागा काढून टाकतात तसे मीटिअरवरून रस्त्याला लागणारे सारे उतरवले होते: मडगार्ड नाहीत, दारे नाहीत, वाऱ्याला अडवेल असा उभा काचफलक नाही, चालक अरुंद खाचेत बसलेला आणि मागे बारीक होत गेलेली शेपटी. मागच्या आसातील दंतचक्रांचे प्रमाण असे बदलले होते की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक अधिक अंतर कापेल. अशी गाडी थांब्यावरून सुस्त निघते आणि चढावर कंटाळते, पण सपाट मिठावर तिला निघायचे एकदाच असते. ब्रेकची गरज तेथे नाममात्र होती, खरा प्रश्न टायरांचा होता, कारण सतत १३० मैलांवर फिरणारे रबर तापून सोलत असे.

इंदूरच्या गाडीची गणिते निराळी. तिला गर्दीत दहा मैलांच्या वेगाने न अडखळता चालायचे होते, वळायचे होते, वारंवार थांबायचे होते आणि पाहणाऱ्याला थांबवायचे होते. तिची शेपटीही निमुळतीच आहे. पण मीटिअरची शेपटी वाऱ्यासाठी आहे आणि तिची डोळ्यांसाठी. वेगाचा आकार हा १९३० च्या दशकात अलंकार झाला होता आणि होळकरांची स्पीडस्टर हा त्या अलंकाराचा फार देखणा दागिना आहे, एवढे म्हणताना तिच्या पोटातील ३२० अश्वशक्ती मात्र खरी होती हे विसरता येत नाही. मध्य भारतातील तत्कालीन रस्त्यांवर, धूळ आणि बैलगाड्यांमधून, त्या शक्तीचा किती भाग उपयोगी पडला असता याचा अंदाज कोणालाही करता येईल.

शर्यतीकडून रस्त्याकडे परत आलेली देणगीही लगेच दिसते. मीटिअरसाठी केलेली ती शिंगाकार नळ्यांची जोडणी १९३५ मध्येच दोन आखूड सांगाड्यांवर, १२५ इंचांच्या, बसवली गेली आणि त्या गाड्या गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल या चित्रपटनटांच्या हाती दिल्या गेल्या. त्यांना पुढे ‘एसएसजे’ म्हणू लागले. खरे तर रस्त्याची आणि शर्यतीची ड्यूसेनबर्ग एका गाडीत भेटली असेल तर ती येथे, इंदूरला नव्हे.

मीटिअरचा विक्रम फार टिकला नाही. त्याच सप्टेंबरात जॉर्ज आयस्टन या इंग्रजाने चोवीस तासांची सरासरी १४० मैलांवर नेली. रस्त्याचे इंजिन आता पुरणार नाही हे ओळखून जेन्किन्सने १९३६ मध्ये मीटिअरमधून ते काढले आणि तेथे कर्टिस कंपनीचे बारा सिलिंडरांचे विमानी इंजिन घातले. त्या वजनासाठी मूळ सांगाडा अपुरा पडत होता, म्हणून १९३८ मध्ये ‘मॉर्मन मीटिअर तिसरी’ नव्याने बांधली गेली. तिने १९४० साली नोंदवलेली चोवीस तासांची १६१.१८ मैलांची सरासरी पन्नास वर्षे, १९९० पर्यंत, अबाधित राहिली. त्याच १९४० मध्ये जेन्किन्स सॉल्ट लेक सिटीचा महापौर झाला होता.

मोकळ्या झालेल्या पहिल्या मीटिअरचे पुढे जे झाले ते या तुलनेतला सर्वांत विलक्षण भाग आहे. तिच्यात मूळचे ड्यूसेनबर्ग इंजिन परत बसवले, मडगार्ड, दिवे आणि काच लावली, आणि जेन्किन्स ती सॉल्ट लेक सिटीच्या रस्त्यांवर रोजच्या वापरात हजारो मैल चालवू लागला. शर्यतीसाठी जन्मलेली गाडी अशा रीतीने दोघींपैकी अधिक राबलेली रस्त्यावरची गाडी ठरली. कारखाना मात्र तोवर उरला नव्हता, कारण कॉर्डचे उद्योगसाम्राज्य १९३७ मध्ये कोसळले आणि ड्यूसेनबर्ग त्यासह बंद झाली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये संयोगितादेवींचे निधन झाले. इंदूर १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले, यशवंतराव १९६१ साली वारले, माणिकबागेतील सामानाचा १९८० मध्ये मोनॅकोत लिलाव झाला आणि वाड्यात आता केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे. महाराजांची ड्यूसेनबर्ग अमेरिकी संग्राहकांकडे गेली.

संग्राहकांच्या बाजारात आज या वाणाच्या गाड्यांचे मोल त्यांच्या चरित्रावर ठरते. मॉर्मन मीटिअर २००४ मध्ये लिलावात ४४ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली आणि पुन्हा विक्रमाच्या रूपात आणल्यावर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रतिष्ठित मेळाव्यात सर्वोत्तम गाडी ठरली. कूपरच्या एसएसजेने २०१८ मध्ये २ कोटी २० लाख डॉलर मिळवून लिलावात विकल्या गेलेल्या अमेरिकी गाड्यांचा तोवरचा उच्चांक गाठला. या मोजमापात इंदूरच्या गाडीच्या नावावर एकही शर्यत नाही, एकही विक्रम नाही, आणि तिची बरोबरी मीटिअरशी लावणे मीटिअरवर अन्याय करणारे आहे. मात्र यंत्राच्या इतिहासात जेथे मीटिअर पुढे आहे, तेथे कायेच्या इतिहासात होळकरांची स्पीडस्टर तिच्या बरीच पुढे आहे, आणि ती मागवणारा माणूस मराठी घराण्यातला होता ही नोंद मराठीतील संस्थानी इतिहासांत माणिकबागेच्या आणि होळकरांच्या क्रिकेट संघाच्या शेजारी यायला हवी.